थांबवलंत, तर कारण लिहा

वेशीवर, १९३५ च्या आसपास

तुमचे पाय धुळीनं माखलेत. खांद्यावर पालाचं गाठोडं आहे. मागून बायको चालतेय आणि तिच्या कडेवर तापलेलं पोर आहे. जुना आग्रा रस्ता समोर भिवंडीत शिरतो. गावातून हातमागांचा आवाज येतो, आणि त्यात आता कुठे कुठे यंत्रमागाचा खडखडाटही मिसळू लागला आहे. खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याला भाताच्या तुसाचा वास आहे. तुम्ही फासेपारधी आहात. आज तुम्ही कुणाचं काही घेतलेलं नाही, काल-परवाही नाही. तरी पुढे खाकी कपडे दिसताच तुमचा हात कमरेला खोचलेल्या पासकडे जातो.

हा पास नसेल तर तुम्ही गुन्हेगार. सरकारनं १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, पुढे तो वाढवला आणि १९२४ मध्ये नव्यानं मांडला. अधिसूचनेत तुमच्या जमातीचं नाव आलं की रजिस्टरमध्ये तुमचं नाव येतं, बोटांचे ठसे घेतले जातात आणि ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागते. गाव सोडायचं तर परवानगी हवी. सोलापुरात तर तुमच्यासारख्यांना तारेच्या कुंपणाआड वसाहतीत ठेवलं आहे. तुम्ही काय केलंत हा प्रश्न या कायद्याला पडत नाही. तुम्ही कुणाच्या पोटी जन्मलात एवढं त्याला पुरतं.

शिपाई पास बघतो. मुदत काल संपली आहे. पोर तापलं म्हणून वाटेत दोन रात्री थांबावं लागलं, असं तुम्ही सांगू लागता. तो ऐकत नाही, कारण कायद्यानं त्याला ऐकायला सांगितलेलंच नाही. तुम्हाला चौकीकडे नेलं जातं आणि बायको पोराला घेऊन रस्त्याच्या कडेला बसते.

हा कायदा देशभरातून रद्द होण्याची तारीख आहे ३१ ऑगस्ट १९५२. विमुक्त जमाती हा दिवस आजही पाळतात. पण कायद्यानं ऐंशी वर्षं जी नजर घडवली, ती कायद्याबरोबर रद्द झाली नाही. सराईत गुन्हेगारांसाठीच्या नव्या कायद्यांतून आणि पोलीस ठाण्यांतल्या जुन्या नोंदवह्यांतून ती पुढच्या पिढ्यांकडे आली. आता त्याच रस्त्यावर पस्तीस वर्षं पुढे चला.

भिवंडी, मे १९७०

संचारबंदी आहे. गावातले माग बंद आहेत, आणि ज्या गावाला मागांच्या आवाजात झोप लागते त्या गावाला या शांततेत झोप लागत नाही. ७ मे रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दगडफेक झाली. त्यानंतर माणसं मेली, घरं आणि माग जळाले. दुसऱ्या दिवशी जळगाव पेटलं. महाडपर्यंत झळ पोहोचली.

आता तुम्ही मागावरचे कामगार आहात. तुमचे आजोबा उत्तरेतून पोटासाठी इथे आले. दारावर काठी आपटते. बाहेर या, नाव सांगा. नाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न येत नाही, थेट गाडीत बसवतात. शेजारच्या गल्लीत आग लावणाऱ्यांना तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. ते सांगायची तुमची तयारी आहे, पण विचारणारा कुणी नाही.

सरकारनं न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमला. आयोगानं अनेक महिने साक्षी घेतल्या, कागद तपासले आणि भिवंडी, जळगाव, महाड या तिन्ही ठिकाणच्या दंगलींवर अनेक खंडांचा अहवाल दिला. भिवंडीतल्या गुन्ह्यांच्या तपासासाठी नेमलेल्या पोलिसांच्या विशेष पथकाचं काम आयोगाला धार्मिक भेदभावानं भरलेलं दिसलं. कुणाला पकडायचं, कुणाची फिर्याद घ्यायची आणि कुणाची दाबायची, या सगळ्यात माणसाचा धर्म आड आला होता. हे एका न्यायमूर्तींनी पुरावे पाहून काढलेले निष्कर्ष आहेत, आणि ते आपल्याच राज्याच्या दप्तरात पडून आहेत. पुढे १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलींवर न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगानं १९९८ मध्ये अहवाल दिला. त्यातही पोलिसांच्या पक्षपातावर बोट ठेवलं गेलं.

१९८४, दोन शहरं

मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटते आणि आग ठाणे-मुंबईपर्यंत जाते. त्या धुरात फार वेळ थांबू नका. त्याच वर्षाच्या अखेरीला लंडनला चला, कारण तिथे जे घडतंय ते भिवंडीच्या उपयोगाचं आहे.

तीन वर्षांपूर्वी, एप्रिल १९८१ मध्ये, दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टन भागात पोलिसांनी मोठी मोहीम काढली होती. साध्या कपड्यांतले पोलीस रस्त्यावर दिसेल त्याला थांबवून झडती घेत होते. काही दिवसांतच जवळपास हजार जणांना थांबवलं, त्यांत मोठा भरणा कृष्णवर्णीय तरुणांचा. मग ब्रिक्स्टन पेटलं. ब्रिटिश संसदेनं १९८४ मध्ये पोलिसांच्या अधिकारांवर आणि गुन्ह्यांच्या पुराव्यांवर नवा कायदा केला. झडती घ्यायची तर सबळ कारण हवं, ते त्या माणसाला सांगायला हवं आणि लिहून ठेवायला हवं. त्या नोंदीची प्रत मागण्याचा हक्क झडती दिलेल्या माणसाला मिळाला.

कायद्यानं भेदभाव संपला का? नाही. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाच्या तपासाची चौकशी करणाऱ्या मॅकफर्सन समितीनं १९९९ मध्ये लंडनच्या पोलीस दलात मुरलेल्या वंशभेदावर कडक ताशेरे ओढले. पण हाती नोंदी होत्या, म्हणून वाद आकड्यांवर झाला. कुणाला किती वेळा थांबवलं आणि त्यातून काय निष्पन्न झालं, हे सरकारला नाकारता आलं नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं २०१५ मध्ये कायदा करून पोलिसांना प्रत्येक थांबवणुकीची नोंद सक्तीची केली. थांबवण्याचं कारण, झडती झाली का, त्यात काय सापडलं, आणि तो माणूस पोलिसाला कोणत्या वंशाचा वाटला, हे सगळं लिहावं लागतं. समोरच्याला त्याचा वंश विचारायचा नसतो. १ जानेवारी २०२४ पासून तिथे आणखी एक नियम लागू झाला. गाडी थांबवल्यावर इतर चौकशी करण्याआधी पोलिसानं कारण सांगायचं. हे लक्षात ठेवून परत भिवंडीला या.

मोहल्ल्यातली बैठक, डिसेंबर १९९२

सतरंजी अंथरली आहे. तुमच्या एका बाजूला सायझिंगमधला मुकादम बसलाय, दुसऱ्या बाजूला भाजीवाली मावशी, आणि समोर या मोहल्ल्याची जबाबदारी दिलेला पोलीस. तो तुम्हाला नावानं ओळखतो. तुमच्या भावाचं मागच्या महिन्यात लग्न झालं हेही त्याला माहीत आहे. मोहल्ला समित्या १९८८ मध्ये तेव्हाचे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान दोन्ही धर्मांची साधी माणसं एकत्र बसवायची, पुढाऱ्यांवर विसंबायचं नाही, नळाच्या भांडणापासून अफवेपर्यंत सगळं तिथंच बोलायचं, अशी ती रीत.

अयोध्येत ६ डिसेंबरला मशीद पडली. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईत ९०० माणसं मेली. इथून तासाभराच्या अंतरावर आगीचे लोळ उठत होते आणि १९७०, १९८४ मध्ये जळालेली भिवंडी शांत राहिली. या सतरंजीवर बसून तुम्हाला त्याचं कारण दिसतं. समोरच्या खाकीतल्या माणसाला तुम्ही ठाऊक आहात. त्याला तुमच्या दाढीवरून किंवा गल्लीच्या नावावरून अंदाज बांधावा लागत नाही.

मग अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, नव्यांचे अग्रक्रम वेगळे असतात, बैठका विरळ होत जातात. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरून भिवंडीत संघर्ष उसळला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले आणि जमावानं दोन पोलिसांना ठार मारलं. अविश्वासाची किंमत खाकीतल्या माणसांच्या घरांनीही चुकवली.

चांगला अधिकारी गावाचं भाग्य असतो, पण त्याच्या बदलीचा आदेश निघाला की ते भाग्यही त्याच्याबरोबर जातं. जे बदलीनंतरही मागे राहतं, ते कायद्यात लिहिलेलं असावं लागतं.

एका नाक्यावर, या वर्षातली एक रात्र

तुमचं वय सव्वीस. टेम्पोत ग्रे कापडाचे ताके भरलेत आणि ते रात्रीतच प्रोसेस हाऊसला पोहोचायला हवेत. तुम्हाला पैसे फेऱ्यावर मिळतात. २०११ च्या जनगणनेतच सात लाखांवर गेलेल्या या शहरात आता मागांच्या जोडीला गोदामं आली आहेत. शहराबाहेर कंटेनरची रांग लागली आहे. पुढच्या मोटारीतल्या कुटुंबाला पोलीस हातानंच पुढे जायची खूण करतो. मग बॅटरीचा झोत तुमच्या तोंडावर येतो.

"गाडी साइडला घे. लायसन दाखव."

तुम्ही दाखवता. तो नाव वाचतो, पुन्हा तुमच्याकडे बघतो.

"राहतो कुठं?"

तुम्ही मोहल्ल्याचं नाव सांगता.

"खाली उतर. फाळका उघड. काय भरलंय?"

"साहेब, ताके आहेत. बिल्टी आहे, ई-वे बिल आहे."

"ताडपत्री सोड आधी."

दोऱ्या सुटतात, ताके उपसले जातात. मोबाईल मागितला जातो, फोटो चाळले जातात. तुम्ही कशासाठी थांबवलं असं एकदा विचारता, तेव्हा आवाज चढतो. पाऊण तासानं "जा" म्हणतात. दंड नाही, चलन नाही, पावती नाही. तुम्ही एकट्यानं ताके परत रचता. प्रोसेस हाऊसवर पोहोचता तेव्हा हमाल निघून गेलेले असतात आणि फेरा बुडालेला असतो. तक्रार करायची म्हटलं तरी हातात काय आहे? सरकारी दप्तराच्या लेखी आज रात्री तुम्हाला कुणी थांबवलेलंच नाही.

आता त्या पोलिसाच्या बुटांत पाय घाला. संध्याकाळपासून उभे आहात. धुरानं घसा बसलाय, घरी मुलीची परीक्षा आहे. वरून निरोप आला आहे की कारवाई वाढवा. समोरून हजारो गाड्या जातायत, सगळ्या थांबवणं अशक्य. मग कुठली थांबवायची? हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून डोळा निवड करतो, आणि ऐकीव गोष्टींनी डोळ्याला जे शिकवलं तेच तो निवडतो. 'कॉमन कॉज' आणि सीएसडीएसच्या लोकनीती या संस्थांनी २१ राज्यांतल्या सुमारे १२ हजार पोलिसांशी बोलून २०१९ मध्ये अहवाल काढला. मुसलमान स्वभावतःच हिंसेकडे वळण्याची शक्यता असते, असं त्यांतल्या साधारण निम्म्यांना कमी-अधिक प्रमाणात वाटत होतं. हे मत घेऊन माणूस नाक्यावर उभा राहिला तर बॅटरीचा झोत कुठे पडेल हे सांगायला नको. आणि त्या झोतातून निसटलेल्या मोटारीत खरंच चोरीचा माल असेल, तर नुकसान आपल्या सगळ्यांचं आहे.

दिल्ली, २०२० ते २०२४

न्यायालयाच्या आणि मंत्रालयाच्या दारातून पटकन फिरून येऊ. इथे तुम्हाला दिसेल की हव्या असलेल्या कायद्याचे तुकडे आपल्याकडे आधीच पडले आहेत.

मोटार वाहन कायदा, १९८८ सांगतो की गणवेशातल्या पोलिसानं मागितला की चालकानं परवाना दाखवायचा. मागण्याचं कारण सांगायचं बंधन त्यात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून एक दुरुस्ती आली. कागदपत्रं तपासली की तपासणीची तारीख, वेळ आणि तपासणाऱ्याची ओळख पोर्टलवर नोंदवायची. त्याच गाड्या पुन्हा पुन्हा थांबवून चालकांना होणारा त्रास टळावा, असा हेतू सरकारनंच सांगितला. नियम नेमका आहे, पण त्यात थांबवण्याचं कारण लिहायला जागा नाही, आणि कागद न तपासता घेतलेल्या झडतीबद्दल तो बोलत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण सक्तीचं करते.

सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये, भिवंडीतल्या त्या जुलैनंतर दोनच महिन्यांनी, प्रकाश सिंह खटल्यात पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितलं. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये पोलीस कायद्यात तशी दुरुस्ती केली. ७ मे २०२४ रोजी, म्हणजे भिवंडीच्या १९७० च्या दंगलीला बरोबर ५४ वर्षं झाली त्या दिवशी, न्यायालयानं अमानतुल्ला खान खटल्यात सगळ्या राज्यांना बजावलं की मागास आणि वंचित समाजातली म्हणून निरपराध माणसांची नावं पोलिसांच्या गुन्हेगार नोंदवहीत यांत्रिकपणे चढवू नका. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगांतल्या जातिभेदाचे नियम रद्द करताना न्यायालयानं विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये असंही पोलिसांना सांगितलं. वेशीवर पास घेऊन उभ्या असलेल्या त्या फासेपारध्याचे नातू-पणतू आजही या आदेशाच्या अंमलाची वाट बघत आहेत.

आदेश आले, पण नाक्यावरचा शिपाई निकालपत्र वाचत नाही. तो पोलीस ठाण्यातली रीत पाळतो. रीत बदलायची तर नाक्यापुरता स्पष्ट कायदा लागतो.

नागपूर, येत्या एखाद्या हिवाळी अधिवेशनात

हा मुक्काम अजून घडलेला नाही. तुम्ही प्रेक्षक गॅलरीत बसला आहात आणि खाली विधेयक मांडलं जातंय. मला हवं ते विधेयक असं आहे.

गाडी किंवा माणूस थांबवला की पहिल्यांदा कारण सांगायचं. नाव, धर्म, जात, दाढी, टोपी, बुरखा, भाषा किंवा राहण्याचा मोहल्ला हे कारण चालणार नाही. वर्णन मिळालेल्या ठरावीक संशयिताचा शोध असेल तर तेवढाच अपवाद. पोलिसाच्या हातातल्या चलनाच्या यंत्रातच कारण, जागा, वेळ, झडती झाली का आणि निष्पन्न काय हे भरायचं. चालकाच्या मोबाईलवर त्याची पावती जाईल. झडतीचं चित्रण होईल. खाजगी टोळक्यांना गाडी अडवण्याचा अधिकार नाही, आणि त्यांनी अडवली तर तो गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी त्या हद्दीच्या अधिकाऱ्याची. वर्षातून एकदा सगळ्या नोंदींची स्वतंत्र तपासणी होऊन अहवाल विधिमंडळात येईल. तक्रार प्राधिकरणाला मुदतीत निकाल द्यावा लागेल.

एक आमदार उठून विचारतात, पोलीस लिहीत बसले तर चोर पळणार नाहीत का? प्रश्न रास्त आहे. चोर पळत असेल तर आधी पकडा, नोंद नंतर करा. सरसकट नाकाबंदी असेल तर तेच कारण एका बटणावर टाका. आज दंडाचं चलन फाडायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त यात जाणार नाही.

दुसऱ्या एका आमदार बाईंचा प्रश्न अधिक कठीण आहे. नोंदीत धर्म आणि जात लिहायची का? रस्त्यावर उभं करून माणसाला त्याचा धर्म विचारणं मला मान्य नाही. त्यातून नव्या याद्या तयार होतील, आणि याद्यांनी काय केलं हे आपण १९३५ च्या वेशीवर पाहिलं. पण मोजलंच नाही तर भेदभाव कधीच सिद्ध होणार नाही. म्हणून मोजणी पोलिसांकडे नको. नोंदीतली नावं काढून टाकलेली माहिती स्वतंत्र तपासणाऱ्यांकडे जावी, आणि थांबवलेल्यांपैकी जे स्वतःहून सांगतील त्यांच्याशी त्यांनी वेगळं बोलावं. कोणत्या नाक्यावर, किती वाजता, कोणत्या कारणाखाली गाड्या थांबतात आणि किती वेळा काहीच सापडत नाही, एवढ्यावरूनही पुष्कळ उलगडतं.

हा कायदा पोलिसाविरुद्ध आहे असं म्हणणाऱ्यांना मी त्याच रात्रीच्या शिपायाकडे परत नेईन. वरून दबाव आला तर त्याला म्हणता येईल, साहेब, कारण लिहावं लागतं, काय लिहू? खोटा आरोप झाला तर त्याच्याकडे नोंद असेल, चित्रण असेल. प्रामाणिक शिपायाला आज असं कोणतंच संरक्षण नाही.

पुन्हा नाका, काही वर्षांनी

टेम्पो तोच, ताके तसेच. बॅटरीचा झोत येतो. "मागचा डावा दिवा बंद आहे, म्हणून थांबवलं," पोलीस सांगतो. तुम्ही परवाना दाखवता. तो नाव वाचतो आणि यंत्रात कारण भरतो. मोबाईल वाजतो, पावती येते. पाच मिनिटांत तुम्ही रस्त्याला लागता. फेरा बुडत नाही. दुसऱ्या दिवशी दिवा बदलून घेता, कारण चूक तुमची होती आणि ती तुम्हाला सांगितली गेली.

या रात्रीपर्यंत पोहोचायला यंत्राची गरज नाही, विधानसभेतल्या बहुमताची आहे. भिवंडी ग्रामीण, भिवंडी पश्चिम आणि भिवंडी पूर्व असे इथले तीन मतदारसंघ आहेत. तिथल्या प्रत्येक मतदारानं, आणि राज्यातल्या इतर मतदारांनीही, आपल्या आमदाराला एकच प्रश्न लेखी विचारावा: थांबवण्याचं कारण सांगायला आणि लिहायला लावणारा कायदा तुम्ही कोणत्या अधिवेशनात मांडणार आहात? उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारावा. मादन आयोगानं जे लिहून ठेवलं, त्याचं उत्तर या राज्यानं अजून दिलेलं नाही.